संगणक म्हणतो, जागा नाही!

शनिवारची दुपार होती. जेवण करून मी जरा आडवा होत होतो, तेवढ्यात सांगलीहून भाच्याचा फोन आला. भाचा आठवीत आहे. एरवी त्याचा फोन आला की पहिली पाच मिनिटं क्रिकेटमध्ये जातात. त्या दिवशी मात्र आवाज अगदी बारीक.

"मामा, दोनशे जीबी पुसले, तरी संगणक म्हणतोय जागा नाही!"

मी उठूनच बसलो. जागा नाही याचं मला काही वाटलं नाही, ते दुखणं जुनंच आहे. पण दोनशे जीबी पुसले म्हटल्यावर पोटात गोळा आला.

"काय काय पुसलंस?"

"डी ड्राइव्हवरचं. सिनेमे होते, मॅचेस होत्या. आणि 'जुनं' नावाचं एक फोल्डर होतं. जुनंच होतं ना, म्हणून..."

"रिसायकल बिन?"

"ती पण रिकामी केली. जागा हवी होती ना!"

"आता एक काम कर. संगणक बंद कर आणि मी येईपर्यंत कुणालाही सुरू करू देऊ नकोस. गेम नाही, गाणी नाही, काही नाही."

संगणक बंद का करायला सांगितला आणि 'जुनं' फोल्डरमध्ये काय होतं, ते पुढे येईलच. आधी त्या बिचाऱ्या संगणकाचं म्हणणं काय होतं ते पाहू. कारण हाच निरोप आज ना उद्या तुमच्याही घरच्या पडद्यावर उमटू शकतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळाव्यात म्हणून अनेकांनी विंडोज ११ टाकायला घेतलं, आणि त्यातले कितीतरी जण याच एका पाटीपाशी येऊन अडले: जागा अपुरी आहे.

आता तुम्ही म्हणाल, विंडोज तर आधीपासूनच संगणकात आहे. जुनं काढायचं आणि त्याच जागी नवं ठेवायचं. मग जास्तीची जागा कशाला?

प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तरासाठी जरा घराकडे बघा. समजा, तुमचं जुनं घर पाडून नवं बांधायचं आहे. घर पाडलं की बांधकाम होईपर्यंत राहणार कुठे? भाड्याची खोली तरी घ्यावी लागते, नाहीतर त्याच अंगणात आधी नवं घर उभं करायचं, सामान हलवायचं आणि मग जुनं पाडायचं. संगणकाला भाड्याची खोली मिळत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. कीबोर्डवरचं अक्षर पडद्यावर दाखवण्यापासून फाइल डिस्कवर लिहिण्यापर्यंत सगळं तोच बघतो. त्याला हाकलून दिलं तर नव्या कारभाऱ्याला आत घेणार कोण?

म्हणून नवं विंडोज टाकताना काय होतं, पाहा हं. पहिल्यांदा इंटरनेटवरून नव्या विंडोजचं गाठोडं येतं. हे गाठोडं चांगलं आवळून बांधलेलं असतं, तरी पाच-सहा जीबीचं भरतं. मग ते सोडायचं. गादी सुतळीने आवळली की रिक्षात मावते, पण सुतळी सोडली की खोलीभर पसरते, तसंच हे. झाली दोन ओझी. आणि तिसरं ओझं म्हणजे जुनं विंडोज. ते लगेच पुसलं जात नाही. त्याला 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवतात. काही काळ ही तिन्ही ओझी एकाच डिस्कवर नांदत असतात.

जुनं ठेवण्यात कंजूषपणा नाही, शहाणपणा आहे. अर्ध्यावर वीज गेली किंवा नव्या विंडोजचं तुमच्या प्रिंटरशी पटलं नाही, तर परत फिरायला वाट हवी. ही वाट विंडोज दहा दिवस उघडी ठेवतं. त्यानंतर ते जुनं फोल्डर आपोआप पुसलं जातं. तेव्हा नवं विंडोज आल्याच्या पहिल्याच दिवशी "अरे वा, हे केवढं मोठं फोल्डर, उडवा!" असं करू नका. सगळं नीट चालतंय याची खात्री पटेपर्यंत थांबा.

ही अडचण फक्त विंडोजवाल्यांचीच आहे असं समजू नका. सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपलने आयफोनसाठी आयओएस ८ आणलं. फोनवरच्या फोनवर ते टाकायचं तर सुमारे साडेचार जीबीहून जास्त जागा मोकळी लागायची. तेव्हा सोळा जीबीचे फोन पुष्कळ होते आणि ते फोटोंनी गच्च भरलेले. लोकांनी हात टेकले. काहींना युक्ती सापडली. फोन तारेने संगणकाला जोडला, की तेच नवं आयओएस कमी जागेत बसायचं. कारण गाठोडं सोडण्याचं काम संगणकाच्या डिस्कवर होत होतं, फोनच्या अंगणात नव्हे! पुढच्या वर्षी आयओएस ९ आलं तेव्हा ॲपलने ही गरज १.३ जीबीवर आणली. म्हणजे चूक नेहमी वापरणाऱ्याचीच असते असं नाही. बनवणाऱ्यांनी मनावर घेतलं तर जागा वाचवता येते.

तुमच्या आईबाबांना विचारा, १९९५ साली विंडोज ९५ आलं तेव्हा ते तेरा फ्लॉपींवरही मिळायचं. एकेक फ्लॉपी घालायची, घर्रघर्र आवाज ऐकायचा, ती काढून पुढची घालायची. त्या तेरा फ्लॉपींवर मिळून पंचवीस मेगाबाइटसुद्धा नव्हते. आज फोनवर काढलेले आठ-दहा फोटो तेवढी जागा खातात.

माळा आणि ओटा

आता भाच्याच्या गोंधळाकडे येऊ. त्याने दोनशे जीबी पुसले. मोकळी जागा खरोखरच वाढली. मग संगणक हटून का बसला?

त्यांचा संगणक २०२० सालचा. शाळा घरात भरत होती तेव्हा घेतलेला. त्यात १२० जीबीची नवी एसएसडी डिस्क बसवली होती. ती झाली सी ड्राइव्ह. आणि आधीच्या संगणकातली ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क काढून यात लावली होती. ती डी ड्राइव्ह. विंडोज राहतं सी मध्ये. नवं विंडोजही सी मध्येच येणार. भाच्याने साफ केली डी. आई ओट्यावर परात ठेवायला जागा मागतेय आणि आपण माळ्यावरची अडगळ खाली काढतोय, असला प्रकार झाला. माळा लख्ख झाला, पण परात अजून आईच्या हातातच!

तेव्हा 'जागा नाही' हे शब्द दिसले की पहिला प्रश्न 'किती?' हा नाही, 'कुठे?' हा आहे. माय कॉम्प्युटर उघडा (आता त्याला 'धिस पीसी' म्हणतात) आणि कुठल्या ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे ते बघा. बहुतेक वेळा ती सी असते.

आणि इथे एक फसवी गोष्ट आहे. डेस्कटॉप! पडद्यावर समोर दिसतो म्हणून आपल्याला वाटतं, ही काहीतरी वेगळीच जागा असावी. बहुतेक संगणकांवर डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स ही तिन्ही फोल्डर सी ड्राइव्हच्याच पोटात असतात. डाउनलोड्समधली फाइल ओढून डेस्कटॉपवर टाकली तर एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातल्यासारखं झालं. शर्ट तोच.

रिसायकल बिनचंही तसंच. फाइल बिनमध्ये टाकली म्हणजे ती गेली असं नाही. ती होती त्याच ड्राइव्हवर, तेवढीच जागा अडवून पडून राहते. बिन रिकामी केल्यावरच जागा सुटते. पण बिन रिकामी करणं म्हणजे शेवटचा दरवाजा बंद करणं, हेही ध्यानात असू द्या. भाचा तिथेच फसला.

गणिताची आवड असणाऱ्यांसाठी एक छोटंसं कोडं. १२० जीबीची डिस्क विंडोजमध्ये १११ जीबीच दिसते. नऊ जीबी गेले कुठे? दुकानदाराने फसवलं? नाही. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ बाइट धरतं, म्हणजे १०७ कोटींहून जास्त. आता १२० ला १०० कोटींनी गुणा आणि विंडोजच्या मापाने भागा. आलं ना १११ च्या पुढे काहीतरी? दूध तेवढंच, माप मोठं. याच हिशेबाने ५०० ची डिस्क ४६५ दिसते. अपग्रेडच्या वेळी जागा मोजाल तेव्हा खोक्यावरचा आकडा धरू नका, विंडोज दाखवतं तो धरा.

आता किती जागा लागते? विंडोज ११ साठी मुळात डिस्कच ६४ जीबी किंवा त्याहून मोठी हवी, असं मायक्रोसॉफ्ट सांगतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर सी वर पंचवीस-तीस जीबी मोकळे असल्याशिवाय हात घालू नये. काठावर पास होण्यात मजा नाही. कारण अपग्रेड चालू असतानाही संगणक इकडेतिकडे तात्पुरत्या फाइली लिहीतच असतो.

आणि हो, एक महत्त्वाची गोष्ट. काहीही पुसण्याआधी तुमचा संगणक विंडोज ११ ला चालतो तरी का, ते बघून घ्या. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' नावाचा छोटा प्रोग्राम आहे. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर नसेल, तर शंभर जीबी मोकळे करूनही तो 'नाही'च म्हणेल. विनाकारण घर रिकामं कशाला करायचं?

सेटिंग्जमध्ये जा, तिथे सिस्टम, मग स्टोरेज. थोडं थांबलं की संगणक स्वतःच हिशेब मांडतो: ॲप्स एवढी, तात्पुरत्या फाइली एवढ्या, डेस्कटॉप एवढा. भाच्याच्या संगणकाचा हिशेब मी वहीत उतरवून घेतला होता. डेस्कटॉपवर फोनमधून आणलेले व्हिडिओ १९ जीबी. एक मोटारींचा गेम २२ जीबी. डाउनलोड्स १४ जीबी, त्यात एकच व्याकरणाचं पुस्तक सात वेळा उतरवलेलं. तात्पुरत्या फाइली ७ जीबी. डी ला हातही न लावता नुसता गेम आणि तात्पुरत्या फाइली काढल्या असत्या तरी काम झालं असतं. गेम काय, परत टाकता येतो.

तात्पुरत्या फाइलींच्या यादीत चौकटींवर खुणा करून 'काढून टाका' म्हणता येतं. पण त्या यादीत 'डाउनलोड्स' अशीही एक चौकट असते! नाव तात्पुरत्या फाइलींचं असलं तरी तिथे तुमच्या शाळेचा प्रकल्प असू शकतो, बाबांची बँकेची कागदपत्रं असू शकतात. फोल्डर उघडून आत पाहिल्याशिवाय त्या चौकटीला हात लावायचा नाही.

काहीजणांना सी मध्ये शोधाशोध करायची हौस असते. 'हायबरफिल' नावाची भलीमोठी फाइल सापडते आणि हात शिवशिवतात. ती फाइल म्हणजे संगणकाची गादी आहे. तो गाढ झोपी जाताना रॅममधलं सगळं त्या फाइलीत लिहून ठेवतो. म्हणून तिचा आकार रॅमवर ठरतो. आठ जीबी रॅम असेल तर तीन-एक जीबी. ती हाताने पुसायची नसते. हायबरनेट बंद केलं की ती आपोआप जाते, आणि ते काम घरातल्या जाणत्या माणसाला करू द्या. 'विंडोज' या फोल्डरच्या आतलं तर काहीच हाताने पुसू नका. तिथली कुठली वीट कुणाच्या भिंतीत बसली आहे ते बाहेरून कळत नाही.

एवढं सगळं करूनही जागा पुरत नसेल तर? विंडोज अशा वेळी बाहेरून जोडलेली डिस्क किंवा पेनड्राइव्ह मदतीला घेऊ शकतं. दहा जीबी किंवा जास्त मोकळी जागा असलेली. मात्र काम संपेपर्यंत ती काढायची नाही, कुणी कितीही मागितली तरी.

कधीकधी आणखी एक विचित्र निरोप येतो. सी वर शंभर-दीडशे जीबी मोकळे असतात, तरी विंडोज म्हणतं की 'सिस्टम रिझर्व्ड पार्टिशन' अपडेट करता आलं नाही. हा एक लपवलेला छोटासा कप्पा. संगणक सुरू होताना लागणारी पहिली किल्ली त्यात असते. बऱ्याच संगणकांवर तो जेमतेम शंभर मेगाबाइटचा असतो. तो भरला, की बाहेर मैदान मोकळं असूनही गाडी अडते. गंमत म्हणजे त्यातली बरीच जागा वेगवेगळ्या भाषांच्या अक्षरवळणांच्या फाइलींनी खाल्लेली असते! त्या काढल्या की काम होतं. पण हा कप्पा बिघडला तर संगणक सुरूच होत नाही. म्हणून इथे तुम्ही आणि बाबा दोघांनीही हात आवरा आणि माहीतगाराला बोलवा.

मंगळावर 'जागा नाही'

जुन्या आवृत्तीच्या फाइली वेळेवर निघाल्या नाहीत तर काय होऊ शकतं, याची एक खरी गोष्ट सांगतो. ती घडली मंगळावर. तिथे माहीतगाराला बोलावण्याची सोय नव्हती.

स्पिरिट ही नासाची सहा चाकांची बग्गी. ४ जानेवारी २००४ रोजी ती मंगळावर गुसेव्ह नावाच्या विवरात उतरली. तिच्या संगणकात रॅम होती १२८ मेगाबाइट, आणि फाइली साठवायला फ्लॅश मेमरी २५६ मेगाबाइट. आज तुमच्या खिशातल्या साध्या पेनड्राइव्हमध्ये याच्या कितीतरी पट जागा असते. मंगळाकडे जाताना सात महिन्यांच्या प्रवासात तिला पृथ्वीवरून नवं सॉफ्टवेअर पाठवलं होतं. म्हणजे अपग्रेडच की! पण उड्डाणाच्या वेळच्या जुन्या फाइली फ्लॅशमध्ये तशाच राहिल्या होत्या. त्यात प्रवासातल्या आणि मंगळावरच्या नव्या फाइलींची भर पडत गेली.

हे शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हतं असं नाही. जुना पसारा काढणारा एक छोटा प्रोग्राम त्यांनी पाठवायला घेतला होता. तो दोन भागांत जायचा होता. एक भाग नीट पोचला नाही. चार दिवसांनी परत पाठवू असं ठरलं. आणि त्याच्या आदल्याच दिवशी, २१ जानेवारीला, स्पिरिट गप्प झाली.

झालं होतं असं. स्पिरिट जागी झाली की फ्लॅशमधल्या सगळ्या फाइलींची यादी रॅममध्ये उतरवून घ्यायची. फाइली वाढत गेल्या, यादी लांबत गेली. एके दिवशी ती यादी रॅममधल्या तिच्या वाट्याच्या जागेत मावेना. संगणक अडकला. अडकला की स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करायचं, असं त्याला शिकवलेलं होतं. पुन्हा सुरू झाला, पुन्हा यादी, पुन्हा जागा नाही. असं साठाहून जास्त वेळा झालं! रात्री झोपायचं सोडून ती बग्गी जागीच राहिली आणि बॅटरी उतरू लागली. आठवला ना आपला पहिला प्रश्न? इथेसुद्धा 'जागा नाही' हे खरं होतं, पण ती फ्लॅशमध्ये नव्हे, रॅममध्ये संपली होती.

कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या मंडळींना यातलं काही दिसत नव्हतं. आज्ञा पोचायलाच सुमारे दहा मिनिटं आणि उत्तर यायला तेवढीच. तुटक तुटक संदेशांवरून त्यांनी ओळखलं की दुखणं फ्लॅशशी संबंधित असावं. मग आज्ञा गेली: फ्लॅशकडे बघूच नकोस, रॅमच्या भरवशावर सुरू हो. स्पिरिट सुरू झाली आणि रात्री झोपलीसुद्धा! मग सावकाश जुन्या फाइली काढल्या गेल्या, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फ्लॅश पुसून नव्याने आखून घेतली. मधल्या धामधुमीत २५ जानेवारीला तिची जुळी बहीण ऑपॉर्च्युनिटी मंगळाच्या दुसऱ्या बाजूला उतरली होती. तिचं सॉफ्टवेअरही तेच, म्हणून स्पिरिटच्या दुखण्याचा धडा तिलाही लागलीच कामी आला. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली स्पिरिट पुढे सहा वर्षं काम करत राहिली. तिचा शेवटचा संदेश आला २२ मार्च २०१० रोजी.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगू? साठ वेळा बंद-चालू होणारं यंत्र समोर असताना त्या मंडळींनी सगळं पुसून टाकायची घाई केली नाही. आधी कारण शोधलं, फ्लॅश पुसली ती शेवटी.

'जुनं' फोल्डर

आता सांगलीला परत येऊ. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघालो. पिशवीत एक रिकामी डिस्क आणि जोडायची तार. घरात शिरलो तर ताई बोलत नव्हती, दाजी पेपरमध्ये डोकं घालून बसले होते, भाचा दाराआड. 'जुनं' मध्ये काय होतं ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

दाजींनी २०१७ साली घरातले जुने अल्बम स्कॅन करून ठेवले होते. आजीच्या लग्नाचे, आजोबा शाळेत मास्तर होते तेव्हाचे, दाजींच्या मुंजीचे. सहाशे चाळीस फोटो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी घरात शिरलं. माणसं वर गेली, संगणकही उचलून वर नेला, पण अल्बम खालच्या कपाटात राहिले. पाणी ओसरल्यावर त्यांचा लगदाच हाती आला. म्हणजे त्या फोटोंची एकुलती एक प्रत होती ती डी ड्राइव्हवर. आणि फोल्डरचं नाव काय, तर 'जुनं'! यात दाजींचाही थोडा दोष आहे, आणि मी तो त्यांना सांगितला. एकच प्रत ठेवायची, तीही असल्या नावाने?

आता संगणक बंद का करायला लावला ते सांगतो. हार्ड डिस्कवरची फाइल पुसली म्हणजे ती खरडून काढली जात नाही. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून धड्याचं नाव खोडावं आणि धड्याची पानं तशीच राहावीत, तसं असतं ते. फक्त ती पानं आता 'कोरी' धरली जातात आणि त्यांवर केव्हाही नवं काही लिहिलं जाऊ शकतं. जोवर लिहिलं जात नाही तोवर मजकूर वाचता येतो. म्हणून डिस्क जितकी कमी वापराल तितकं बरं. फोटो डी वर होते, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कवर, हे आमचं नशीब. ते एसएसडीवर असते तर आशा फार थोडी होती. एसएसडी पुसलेल्या जागा पुढच्या लिखाणासाठी स्वतःच साफ करून ठेवते.

यामुळे एक गंमतही झाली. भाचा म्हणाला, "मामा, आता डी वर भरपूर जागा झालीय, तर डेस्कटॉपवरचे व्हिडिओ तिकडे हलवू?" एरवी मी शाबास म्हटलं असतं. पण त्या दिवशी डी वर एक अक्षर लिहिणंसुद्धा आजीच्या एखाद्या फोटोवर पाय ठेवण्यासारखं होतं.

डी ची डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि 'फोटोरेक' नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम लावला. तो अनुक्रमणिकेकडे बघतच नाही. डिस्कचं पान न् पान चाळतो आणि फोटोची खूण शोधतो. आपल्या नेहमीच्या फोटोंची फाइल ठरावीक बाइट्सनी सुरू होते. ती खूण दिसली की तिथून फोटो उचलायचा आणि दुसऱ्या डिस्कवर ठेवायचा. दुसऱ्याच डिस्कवर बरं का! दुपारी एकला सुरू केलं ते रात्री साडेआठपर्यंत चाललं. मधे कुणी पंखासुद्धा मोठा केला नाही, जणू वाऱ्याने फोटो उडतील.

सहाशे चाळीसपैकी पाचशे ब्याण्णव फोटो परत आले. अठ्ठेचाळीस नाही आले. काही अर्धवट निघाले, वर चेहरे आणि खाली नुसता करडा पट्टा. सिनेमे आणि मॅचेसचं कुणी नावही काढलं नाही.

त्यानंतर फोटोंच्या तीन प्रती केल्या. एक डी वर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक माझ्याकडे पुण्याला. मग कुठे विंडोजकडे वळलो. गेम काढला, तात्पुरत्या फाइली काढल्या, आणि व्याकरणाच्या सात पुस्तकांचं एक केलं. सी वर चाळीस जीबी मोकळे झाले. रात्री अपग्रेड लावून झोपलो. सकाळी नवं विंडोज तयार होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

कारण फोटो परत आले तरी त्यांची नावं आली नव्हती. अनुक्रमणिका गेली म्हणजे नावं गेली. प्रत्येक फोटोचं नाव 'एफ' आणि पुढे सात आकडे. भाच्याने आजीला खुर्ची दिली, स्वतः कीबोर्डपाशी बसला. आजी चष्मा पुसून सांगायची, "ही माझी मावसबहीण, मिरजेची. हा तुझा आजोबा, कुस्ती बघायला गेला होता तेव्हाचा." भाचा टाइप करायचा. दिवसाला तीस-चाळीस फोटो व्हायचे.

मला परवा त्याचा फोन आला, सगळे झाले म्हणून. फक्त एक राहिलाय. विहिरीच्या काठावर टोपी घातलेला एक मुलगा उभा आहे, नऊ-दहा वर्षांचा. तो कोण हे आजीलाही आठवत नाही. त्या फोटोचं नाव अजून 'एफ' आणि सात आकडे असंच आहे.